अल्प खर्चात गावाची चित्रफीत

एका शेतात अनुभवाने सिद्ध झालेली सुधारणा शेजारच्या गावी पोहोचेपर्यंत पुष्कळदा हंगाम उलटून जातो. सोयाबीनचे घरचे बियाणे उगवण न तपासता पेरल्यास दुबार पेरणीचा खर्च अंगावर येऊ शकतो. वास्तविक ही तपासणी गोणपाटाच्या तुकड्यावर घरच्या घरी होते. अशी कृती प्रत्यक्ष दाखविण्यास चित्रफीत हे उत्तम साधन होय. ती तयार करविणे बचतगटाच्या वा लहान शेतकरी गटाच्या ऐपतीबाहेरचे आहे, हा समज आता सोडून द्यावा.

अहमदाबाद येथील ‘सेवा’ या संस्थेने १९८४ साली कष्टकरी स्त्रियांना चित्रीकरणाचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे २००६ साली सुरू झालेल्या ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमात कर्नाटकातील शेतकऱ्यांच्या चित्रफिती गावागावांत दाखविण्यात आल्या. आपल्यासारखाच शेतकरी आपल्याच बोलीत सांगू लागला म्हणजे पाहणाऱ्याचा विश्वास बसतो, हे त्यातील मर्म आहे.

पूर्वतयारी : खर्च बहुधा पूर्वतयारीच्या अभावी वाढतो. एका चित्रफितीत एकच विषय घ्यावा व तो पाच-सात मिनिटांत संपवावा. दाखवावयाची कृती क्रमवार लिहून काढावी. उदाहरणार्थ : सरसकट १०० दाणे मोजून घेणे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडणे, गुंडाळी करून सावलीत ठेवणे, ओलावा टिकविणे, सुमारे आठवड्याने चांगले कोंब मोजणे. ७० किंवा अधिक कोंब निघाल्यास बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरण्यास योग्य समजावे. असा आराखडा असला म्हणजे मांडणीचा व मोजणीचा, असे चित्रीकरणाचे दोनच दिवस पुरतात. हे काम मे महिन्यातच उरकावे.

चित्रीकरण : साधा मोबाइल फोन आडवा धरून तिपाईवर बसवावा. सकाळच्या उजेडात, सूर्य पाठीशी ठेवून काम करावे. आवाज अस्पष्ट असल्यास चित्रफीत वाया जाते. म्हणून बोलणाऱ्याच्या सदऱ्याला लहान माइक लावावा आणि वारा व मोटारपंप यांचा आवाज टाळावा. चित्रीकरणापूर्वी संबंधितांची संमती घ्यावी. औषधांची व खतांची प्रमाणे कृषी अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावीत.

संपादन : ‘ओपनशॉट’ व ‘केडेनलाइव्ह’ ही संपादनाची साधने संगणकावर विनामूल्य मिळतात. गावातील शिकलेल्या मुलामुलींना ती थोड्या सरावाने अवगत होतात. चित्रपटातील गाणी परवानगीविना जोडू नयेत. काम बाहेरच्या व्यावसायिकाकडे सोपवावयाचे असल्यास चित्रीकरणाचे दिवस, दुरुस्तीच्या फेऱ्या, एकूण रक्कम व मूळ चित्रणाचा ताबा या बाबी आधी लेखी ठरवाव्यात. चित्रीकरण स्वतः करून केवळ संपादन बाहेर दिल्यासही बरीच बचत होते.

प्रदर्शन : चित्रफीत फोनवर पाठवून काम संपत नाही. कार्यकर्त्याने ती पंधरा-वीस जणांच्या बैठकीत दाखवावी, जागोजागी थांबवून शंकांचे निरसन करावे आणि पुढील भेटीत कोणी काय केले याची नोंद घ्यावी. चित्रफीत किती जणांनी पाहिली, यापेक्षा पेरणीपूर्वी किती घरांत गोणपाट भिजले, यावरच तिची किंमत ठरवावी.