गोळी पडते, म्हणून दुर्बीण तिरपी

आमच्या तलवाड्याच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की आबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवतात. लांबच्या थव्यावर धोंडा टाकायचा तर नजर थव्यावर, पण धोंडा सुटतो आभाळाकडे. हे लहानपणापासून पाहूनही रायफलची गोळी नाकासमोर सरळ जाते, अशीच माझी समजूत होती. एन.सी.सी.च्या शिबिरात उस्तादांनी मातीत काडीने दोन रेघा ओढल्या, एक नजरेची आणि एक नळीची, आणि ती समजूत पुसून टाकली.

गोळी नळीबाहेर पडताच खाली येऊ लागते. म्हणून नजरेच्या रेषेपेक्षा नळी किंचित वर रोखलेली असावी लागते. हा 'किंचित' मोजतात मिनिटांत. भूगोलाच्या तासाला आपण शिकतो तेच हे मिनिट, अंशाचा साठावा भाग. 100 यार्डांवर एक मिनिट म्हणजे सुमारे एक इंच, 1000 यार्डांवर दहा इंच. थ्री-झीरो-एट काडतुसाची रायफल 100 यार्डांवर जुळवली आणि तशीच 1000 यार्डांवर रोखली, तर साधारण 40 मिनिटे कमी पडतात. म्हणजे गोळी 400 इंच, तीन मजली इमारतीइतकी खाली!

रायफलवर दुर्बीण असेल तर तिची घुंडी फिरवून हा फरक भरून काढतात. पण घुंडीलाही शेवट आहे. समजा ती एकूण 60 मिनिटे फिरते आणि 100 यार्डांची जुळणी बरोबर मध्यावर झाली. मग वर जायला उरली 30, आणि हवीत 40. इथे तिरपी बैठक कामाला येते. तिची मागची बाजू उंच असते, त्यामुळे दुर्बीण पुढे जरा झुकते. 20 मिनिटांची बैठक लावली की वरच्या बाजूला 50 मिनिटे मिळतात, खाली 10 उरतात.

मग 40 मिनिटांचीच बैठक का घेऊ नये? मलाही तसेच वाटले होते. पण मग 100 यार्डांवर घुंडी 40 मिनिटे खाली न्यावी लागेल, आणि खाली आहेत फक्त 30. घुंडी तळाला टेकली तरी गोळी दहा इंच वरच लागणार. तेव्हा आधी दुर्बिणीची घुंडी एकूण किती फिरते ते पाहावे, त्याचे निम्मे करावे, आणि बैठकीचा उतार त्याहून कमी ठेवावा. निम्मे 20 च भरत असेल तर 20 ची बैठक अगदी काठावर येते. तिथे 10 ची बरी. जाड नळीच्या, म्हणजे 30 मिलिमीटरच्या दुर्बिणीत एक इंचीपेक्षा बहुधा जास्त वाव असतो.

आमच्यातील कोणी लगेच असे सामान घ्यायला धावू नये. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ते दुर्बिणीशिवाय. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. बारीक छिद्रातून पाहायचे आणि 10.4 मिलिमीटरचे दहाचे वर्तुळ गाठायचे! तिथेही मागचे छिद्र वर-खाली करण्याची सोय असते, आणि हिशोब हाच.

आणखी एक. बैठक उलटी, म्हणजे उंच बाजू पुढे करून बसवली, तर आपल्या उदाहरणात वरची 30 मिनिटे वाढण्याऐवजी 10 होतील. स्क्रू आवळण्यापूर्वी उंच बाजू डोळ्याकडे आहे ना, एवढे पाहून घ्यावे.