लाळ्या-खुरकूत: निदान स्वस्त कसे होते

लाळ्या-खुरकूत झालेले जनावर अनुभवी पशुपालक लांबूनच ओळखतो. तोंडातून लाळ गळते, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड येतात, दूध आटते. तरीही प्रयोगशाळेची गरज उरतेच. हा रोग करणाऱ्या विषाणूचे सात प्रकार आहेत. भारतात त्यांपैकी ओ, ए आणि एशिया-१ आढळतात, आणि एका प्रकारावरची लस दुसऱ्यावर चालत नाही.

त्याहून किचकट प्रश्न लसीकरणामुळे निर्माण झाला आहे. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात गाई-म्हशींना सरसकट लस टोचली जाते. मग रक्तात सापडलेली प्रतिपिंडे लसीची की रोगाची? लसीत मारलेला विषाणू असतो, त्यामुळे प्रतिपिंडे मुख्यतः त्याच्या कवचाविरुद्ध तयार होतात. जिवंत विषाणू पेशीत वाढताना आणखी काही प्रथिने बनवतो. ती कवचात नसतात आणि चांगल्या शुद्ध केलेल्या लसीत जवळजवळ उरत नाहीत. त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे दिसली, तर जनावराला संसर्ग होऊन गेला असे मानतात. लस नीट शुद्ध केलेली नसेल आणि वारंवार टोचली असेल, तर मात्र हा हिशेब चुकतो. म्हणून एकट्या जनावरापेक्षा कळपाचा निकाल अधिक भरवशाचा.

स्वस्ताईची किल्लीही याच प्रथिनांत आहे. चाचणीसाठी अख्खा विषाणू वाढवायचा तर कडेकोट बंदिस्त प्रयोगशाळा लागते आणि खर्च तिथेच फुगतो. भारतीय संशोधकांनी त्यांपैकी ३एबी३ हे प्रथिन ई. कोलाय जिवाणूंकडून बनवून घेतले आणि त्यावर एलायझा, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी, उभारली. जिवाणू साध्या पोषकद्रवात भराभर वाढतात, विषाणू निसटण्याची भीती नाही, आणि परदेशी किटवर अवलंबून राहावे लागत नाही.

एलायझाला प्रयोगशाळा लागतेच. गोठ्यात उपयोगी पडते ती पट्टीची चाचणी, आणि ती प्रतिपिंडे नव्हे तर खुद्द विषाणू शोधते. फोडाची साल द्रवात घोटून तो पट्टीवर टाकला की विषाणूला चिकटलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण रेघ उमटवतात. (सोने नावापुरतेच; त्याने किंमत वाढत नाही.) ताज्या फोडात विषाणू भरपूर असल्याने ती चालते, फोड भरून आले की रेघ उमटेलच असे नाही, आणि रेघ नाही म्हणजे रोग नाही, असे समजणे धोक्याचे. वापरलेली पट्टी फेकून देण्याचेही कारण नाही. तिच्यात अडकलेला विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) प्रयोगशाळेत वेगळा काढता येतो, हे प्रयोगांत दिसले आहे. तसे झाले तर नमुना बर्फात घालून पाठवण्याचा खर्चही वाचतो.