पहूरवरून सरळ, मनमाडवरून वळसा

जळगावहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने साधारण १६० किलोमीटर. वाटेत पहूर, मग वाकोद, फर्दापूर आणि अजिंठ्याचा घाट. हाच प्रवास रेल्वेने करायचा तर आधी पश्चिमेला मनमाड गाठायचे, तेही १६० किलोमीटर. तिथून पुढे ११३. म्हणजे रस्त्याने निघालेला माणूस जेवढ्या अंतरात घरी पोहोचतो, तेवढ्यात रेल्वेचा प्रवासी जेमतेम मनमाडला गाडी बदलायला उतरतो.

हा वळसा डोंगराने घातला, असे आपण मानतो. ते अर्धेच खरे. मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूर ते औरंगाबाद ही वहिवाट अजिंठ्याच्या घाटातूनच होती. फर्दापूरची सराई आजही तिची साक्ष देते. लष्करे, तोफा, बैलांचे तांडे घाट चढत होते. रेल्वे आली तेव्हा मात्र वाटा फाकल्या. जीआयपी कंपनीचा मार्ग १८६० च्या दशकात खानदेशातून भुसावळकडे गेला, त्याला नागपूर आणि कलकत्ता गाठायचे होते. निजामाच्या राज्यातला मनमाड–हैदराबाद मार्ग १९०० मध्ये सुरू झाला, तोही मीटरगेज. खानदेश ब्रिटिशांचा, अजिंठा निजामाचा. पहूर त्या सरहद्दीच्या अलीकडे, फर्दापूर पलीकडे. मधला डोंगर ओलांडून रूळ टाकण्यात कोणाचाच फारसा फायदा नव्हता, असे नकाशा पाहून माझे मत झाले आहे.

पहूरला रेल्वे मिळाली, पण आडवी. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची पाचोरा–जामनेर अरुंद मार्गाची गाडी १९१८-१९च्या सुमारास सुरू झाली. लोकांची ‘पीजे’. रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, मार्ग ५६ किलोमीटरचा, वेळ सुमारे दोन तास. हिशेब केला तर ताशी २८ किलोमीटर! मुख्य मार्गावरच्या एक्स्प्रेस तेवढ्याच वेळात पाचोऱ्याहून भुसावळ ओलांडून पुढे जातात. पण पीजेचा वेग मोजणे हा अन्यायच. शेंदुर्णी-पहूरकडच्या माणसाला ती तालुक्याला नेत होती आणि पाचोऱ्याला मुंबईच्या गाडीशी गाठ घालून देत होती, तेही एसटीपेक्षा स्वस्तात. मालाचे मात्र हाल: गेज वेगळा, म्हणून पाचोऱ्याला प्रत्येक गाठोडे उतरवून पुन्हा चढवायचे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पीजे थांबली, ती थांबलीच. आता तिचे रुंदीकरण करून बोदवडपर्यंत ८४ किलोमीटरचा मार्ग व्हायचा आहे. रस्त्याची कथा वेगळी नाही. जळगाव–संभाजीनगर महामार्गाचे रुंदीकरण काही वर्षे असे रेंगाळले, की उखडलेल्या रस्त्यावर अंतर तेच राहिले आणि तास वाढत गेले. घाईच्या पेशंटला घेऊन निघालेल्यांना ती वाढ कशी वाटली असेल, हे कोणत्याही अहवालात येत नाही.

९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. अजिंठ्याला रेल्वेने जोडणारा हा मार्ग खानदेश आणि मराठवाड्यातला मनमाडचा वळसा मोडेल. जुन्या वहिवाटेच्या जवळून रूळ जाण्याची चर्चा व्हायला सव्वाशे वर्षे उशीर झाला, एवढेच. तोवर संभाजीनगरला निघणाऱ्याने किलोमीटर विचारू नयेत. रस्ता सध्या कुठे उकरला आहे ते विचारावे आणि तासभर आधी निघावे.