एप्रन नाही, म्हणून घाबरू नका

एक्स-रे काढताना शिशाचा एप्रन मिळाला नाही, तर केंद्र निष्काळजी आहे, असे आपण धरून चालतो. रुग्णापुरता हा समज जुना झाला आहे. पुढच्या पिढीत दोष उतरतील या भीतीने १९५०च्या दशकात जननेंद्रियांवर शिसे ठेवण्याची प्रथा पडली. माणसांत तसे दोष उतरल्याचे आढळले नाही, आणि एका एक्स-रेला लागणारा किरणोत्सर्गही तेव्हापेक्षा कितीतरी घटला. म्हणून २०१९मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने ही सरसकट प्रथा थांबवण्याची शिफारस केली. घातला एप्रन, तर बिघडले कुठे? बिघडते. शरीराच्या आतच विखुरणारे किरण तो अडवू शकत नाही. उलट सरकून चित्राच्या चौकटीत आला, तर स्वयंचलित यंत्र मात्रा वाढवते किंवा हवा तो भाग झाकला जाऊन एक्स-रे पुन्हा काढावा लागतो. मुलाला धरून उभ्या राहणाऱ्या नातेवाइकाला मात्र एप्रन हवाच.

खरी सुरक्षा बटण दाबण्याआधी ठरते. छातीच्या एका एक्स-रेत किरणोत्सर्गाची साधारण ०.०२ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गाकडून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतेच. मग चिंता कशाला, असे कुणी म्हणेल. पण पोटाच्या सीटी स्कॅनची मात्रा आठ-दहा मिलिसीव्हर्टपर्यंत जाते, म्हणजे छातीच्या शेकडो एक्स-रेंइतकी. यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे. रुग्णाला अशी मर्यादाच नाही, कारण निदानाची गरज मोठी असू शकते. त्यामुळे ती गरज खरी आहे का, हे पाहण्याची जबाबदारी तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरवर येते. डिजिटल यंत्रांनी एक नवा धोकाही आणला आहे. पूर्वी किरण जास्त पडले की फिल्म काळी पडून चूक उघडी व्हायची. आता जास्त मात्रेतही चित्र सुरेखच दिसते. म्हणूनच किरणांची चौकट हव्या तेवढ्याच भागापुरती आवळणे आणि मुलांसाठी मात्रा उतरवणे हे तंत्रज्ञाचे कौशल्य एप्रनपेक्षा मोलाचे आहे.

भीतीपोटी आवश्यक एक्स-रे टाळणे हाही धोकाच, तेव्हा नकार देण्यापेक्षा प्रश्न विचारा: या तपासणीने उपचार बदलणार आहे का? सोनोग्राफीने भागेल का? जुने एक्स-रे सोबत न्या, गर्भधारणेची शक्यता असेल तर आधी सांगा, आणि केंद्राकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे ना, हे विचारायला संकोच करू नका.