कोंबड्यांतील आयमेरिया : प्रजातींची ओळख पटविणारे डीएनए क्रमनिर्धारण

कोंबड्यांमधील रक्ती हगवण, म्हणजेच कॉक्सिडिओसिस, हा आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होणारा आतड्यांचा रोग आहे. रोगाचे नाव एक असले तरी तो अनेक प्रजातींमुळे होतो. आयमेरिया टेनेला आंधळ्या आतड्यात वाढून रक्तस्राव घडविते. आयमेरिया असर्व्हुलिना आतड्याच्या सुरुवातीच्या भागात वाढते. विष्ठेत सहसा रक्त दिसत नाही, परंतु वजनवाढ खुंटते. एका प्रजातीविरुद्ध निर्माण झालेली प्रतिकारशक्ती सामान्यतः दुसरीपासून संरक्षण देत नाही. म्हणूनच लसीतील प्रजाती व शेडमधील प्रजाती यांचा मेळ बसणे आवश्यक ठरते.

विष्ठेतील ऊसिस्ट, म्हणजे परजीवीची कवचयुक्त अवस्था, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात; मात्र अनेक प्रजातींचे आकारमान जवळपास सारखे असते. शिवाय एकाच शेडमध्ये मिश्र संसर्ग नेहमीचा असतो. अशा वेळी डीएनए क्रमनिर्धारण उपयोगी पडते. ऊसिस्टचे कवच फोडून डीएनए वेगळा केला जातो. पीसीआर तंत्राने त्यातील ठरावीक जनुकखंडाच्या असंख्य प्रती तयार करतात व त्यांतील घटकांचा क्रम वाचतात. हा क्रम ज्ञात प्रजातींच्या क्रमांशी ताडून पाहिला जातो.

कोंबड्यांमध्ये आयमेरियाच्या सात प्रजाती दीर्घकाळ मान्य होत्या. ऑस्ट्रेलियातील नमुन्यांत मात्र यांपैकी कोणाशीही न जुळणारे तीन डीएनए क्रम आढळले. पुढे ते आफ्रिकेतील काही देशांत व भारतातही नोंदविले गेले. २०२१ मध्ये त्यांना आयमेरिया लाटा, आयमेरिया नागाम्बी व आयमेरिया झारिया अशी नावे देण्यात आली. प्रचलित जिवंत लसींमुळे निर्माण होणारी प्रतिकारशक्ती त्या चुकवू शकतात, असे प्रयोगांत दिसले. त्यामुळे लसीकरणानंतरही रोग उद्भवल्यास केवळ लस देण्यातील चुकीचाच नव्हे, तर वेगळ्या प्रजातीचाही विचार करावा लागतो.

तपासणीसाठी शेडच्या निरनिराळ्या भागांतून ताजी विष्ठा गोळा करावी. नमुना २.५ टक्के पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणात ठेवून थंड जागी साठवावा. हे रसायन विषारी असल्याने हातमोजे वापरावेत. फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो, म्हणून ते टाळावे. केवळ डीएनए आढळला म्हणजे रोग आहे, असे मात्र नव्हे. ऊसिस्टची संख्या, शवविच्छेदनातील आतड्यांचे व्रण आणि कळपाची वजनवाढ यांसह अहवाल वाचूनच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस किंवा औषध ठरवावे. गादी कोरडी राखणे मात्र प्रत्येक प्रजातीविरुद्ध उपयुक्त आहे. कारण ऊसिस्टला संसर्गक्षम होण्यासाठी ओलावा लागतो.