अंकांतून उमटणारा स्वर

तंबोरा जुळवून गवई गावयास बसला आणि हवा पालटली, तर तारा उतरतात व खुंटी पुन्हां पिळावी लागते. विजेच्या वाद्यांनाहि हा उपद्रव चुकलेला नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंत रॉबर्ट मूग यांनीं सिंथेसायझर हें वाद्य सिद्ध केलें. त्यांतील संकेत असा कीं, विद्युद्दाब एक व्होल्टनें चढला म्हणजे स्वर एक सप्तक चढावा. परंतु हें काम करणारे ट्रान्झिस्टर उष्णतेनें आपला गुण पालटतात आणि स्वर ढळतो.

यावर उपाय म्हणून कांहीं रचनाकार अंकांवर चालणारी चिप योजतात. एडी ९८३३ ही त्यांपैकीं एक. स्फटिकाच्या प्रत्येक ठोक्यास ती एका बेरजेंत ठराविक अंक मिळविते. बेरीज २८ द्विमान स्थानांची. ती भरली कीं पुन्हां आरंभापासून, आणि तेवढ्यांत लहरीचें एक आवर्तन पुरें होतें. अंक जितका मोठा, तितका स्वर उंच. स्फटिक उष्णतेला फारसा जुमानीत नाहीं. म्हणून स्वर स्थिर राहतो.

मात्र ही स्थिरता फुकट मिळत नाहीं. चिपला व्होल्ट समजत नाहींत, अंक समजतात. म्हणून मध्यें एक लहानसा गणक बसवून दाब मोजावा लागतो. दहा सप्तकांचा पल्ला ४०९६ पायऱ्यांत मोजला, तर एकेक पायरी सुमारें ३ सेंटची पडते. अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. मोजणी ढोबळ असेल, तर चिपची अचूकता व्यर्थ होय.

दुसरी अडचण खर्जाची. सेकंदास २५० लक्ष ठोके दिले, तर लहानांत लहान पायरी ०.०९३ आवर्तनांची होते. ४४० आवर्तनांच्या स्वरास ती नगण्य. पण ५५ आवर्तनांच्या खर्जांत तीच सुमारें ३ सेंटची होऊन मींड जिन्यासारखी तुटक होऊं शकते. ठोके १० लक्षांवर आणले कीं पायरी पंचवीसपट बारीक होते.

शिवाय ही चिप ज्या-लहर, त्रिकोणी व चौकोनी लहर देते; करवती लहर देत नाहीं. ज्या-लहर व त्रिकोणी लहर यांचा दाबहि सुमारें ०.६ व्होल्टच, युरोरॅक पद्धतीस सुमारें १० व्होल्ट लागतात.

शेवटीं एक मौज. एकाच स्फटिकावरील दोन चिपांना एकच अंक दिला, तर स्वर इतके एकरूप होतात कीं जोडीच्या तारांतील सजीव आंदोलन नाहींसें होतें. १० लक्ष ठोक्यांवर १३४ अंकांचा फरक ठेवावा. दर दोन सेकंदांस एक आंदोलन येतें. जो दोष घालविण्यासाठीं एवढा खटाटोप केला, तोच शेवटीं मोजून-मापून परत आणावा लागतो!