कर घटला, ताट मात्र महागच

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने येथील उपाहारगृहाचे बिल म्हणजे निव्वळ जेवणाचे बिल. शासनाने १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांवरील जीएसटी १८ व १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. मात्र खरेदीवरील कराची वजावटही काढून घेतली. व्यावसायिक गॅस, दुकानभाडे यांवरील कर मालकाच्या खर्चात मिसळला.

समजा, १०० रुपयांचे ताट १८ टक्के करासह ११८ रुपयांना पडे. वजावट गेल्यामुळे मालकाने मूळ दर ११२ केला, तर ५ टक्के करासह ११७.६० रुपये होतात. ग्राहकाचा लाभ अवघा ४० पैसे!

वजावटीचे मोल व्यापारी जाणतोच. म्हणून करसवलत जाहीर होताच दराबरोबर वजावटीचीही अट वाचावी.